स्मरणपत्र, घरभेट आणि लघुसंदेश : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यातील चुकलेल्या रुग्णभेटींचा इतिहासविचार

रुग्णालयाच्या दप्तरात आलेल्या रुग्णाची नोंद सविस्तर असते. त्याचे नाव, वय, पत्ता, लक्षणे, दिलेले औषध आणि पुढील तपासणीचा दिनांक ही सर्व माहिती केसपेपरावर येते. ठरलेल्या दिनांकास जो आला नाही, त्याच्याविषयी मात्र दप्तर मौन पाळते. तो का आला नाही, त्याला दिनांकाचे स्मरण होते किंवा नाही, तो दुसऱ्या दिवशी आला की दुसऱ्या दवाखान्यात गेला, यांपैकी काहीही लिहिले जात नाही. भ्रमणध्वनीवरून भेटीची आठवण करून देणारे लघुसंदेश रूढ झाल्यापासून हे मौन मोजण्याचा प्रयत्न जगभर होऊ लागला आहे, आणि अशा संदेशांनी चुकलेल्या भेटींचे प्रमाण घटते किंवा नाही हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात प्रतिष्ठित झाला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे; तथापि त्याचा विचार येथे केवळ तंत्राच्या अंगाने केलेला नाही. आठवण करून देण्याच्या साधनांना इतिहास आहे. टपालाचे पत्र, आरोग्यसेवकाची घरभेट आणि लघुसंदेश ही एकाच प्रयत्नाची तीन रूपे होत. या तिन्हींची पिंपरी-चिंचवड-चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या पार्श्वभूमीवर तुलना केली असता असे दिसते की, लघुसंदेश विस्मरणावर निश्चित उपाय करतो. पण भेट चुकण्याची जी कारणे विस्मरणाहून निराळी आहेत, ती त्याच्या आटोक्याबाहेर राहतात. या दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट करणे हे मूल्यमापनाचे पहिले कर्तव्य आहे.

१. तारीख आणि पाळी

पिंपरी हे गाव वैद्यकाच्या इतिहासात एका विशेष कारणाने नोंदले गेले आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही येथे तयार होऊ लागले. प्रतिजैविकांनी उपचाराचे स्वरूप पालटले. पूर्वी क्षयरोग्याला आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवावे लागे; आता तो घरी राहून, कामावर जाऊन बरा होऊ शकत होता. मात्र त्यासाठी त्याने ठरलेल्या दिवशी, दीर्घकाळ, न चुकता दवाखान्यात येणे अवश्य झाले. रुग्णाची 'तारीख' ही संस्था या अर्थाने नव्या औषधांची सहचारिणी आहे.

याच सुमारास या परिसराचे वेळापत्रकही बदलत होते. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत कारखाने वाढत गेले. १९७० साली या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १० लाख १२ हजार होती. २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजारांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसे वाढली ती मुख्यतः बाहेरून आली. उत्तरेकडे, खेड तालुक्यात, संग्रामदुर्ग आणि कांद्याची बाजारपेठ यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या भोवती १९९० नंतर वाहन उद्योगाने मूळ धरले. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे, तर त्यानंतर लवकरच महिंद्रचे कारखाने येथे सुरू झाले.

कारखान्याचे वेळापत्रक पाळीचे असते. पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या अंतराने फिरते. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी, वीजवाटपाच्या सोयीसाठी, गुरुवारी ठरत आली आहे. बाह्यरुग्ण विभाग प्रायः सकाळी चालतो, आणि विशिष्ट रोगांच्या तपासणीचे वार ठरलेले असतात. पाळीचे चक्र आणि तपासणीचा वार यांची गाठ जमली नाही, की कामगारापुढे दोन खाडे उभे राहतात. कारखान्यात खाडा केला तर मजुरी बुडते. दवाखान्यात खाडा केला तर उपचार खंडित होतो. मराठीत 'खाडा' हा शब्द कामाच्या संदर्भात मजुरीच्या हिशेबासह येतो; दवाखान्याच्या संदर्भात मात्र तो हिशेब कोणी मांडत नाही.

कायद्याची व्यवस्थाही येथे ध्यानात घेतली पाहिजे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगारांना औषधोपचार आणि आजारपणातील रोख साहाय्य मिळू लागले. चिंचवडच्या मोहननगर भागात या योजनेचे रुग्णालय आहे. तथापि त्या कायद्याने आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे साहाय्य सामान्यतः देय ठरवले नव्हते. आधीच्या आजारानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार उद्भवला तरच हा प्रतीक्षाकाल लागू होत नसे. दीर्घ आजाराचा विचार या तरतुदीमागे होता. महिन्यातून एकदा अर्धा दिवस तपासणीस जाणाऱ्याचा बुडालेला रोज मात्र तिच्यात बसला नाही. कंत्राटी कामगाराची अडचण तर याहून मोठी. त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते.

२. पत्र आणि घरभेट

चुकलेल्या रुग्णाचा पद्धतशीर शोध भारतात क्षयरोगाच्या निमित्ताने सुरू झाला. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले आणि १९५९ मध्ये त्याने घरी व आरोग्यधामात दिलेल्या उपचारांची प्रसिद्ध तुलना प्रसिद्ध केली. योग्य औषधे नियमित घेतली तर गरीब वस्तीतील घरीही क्षयरोगी बरा होतो, हा निष्कर्ष जगाने स्वीकारला. त्यातील 'नियमित' हे विशेषण सिद्ध करण्यासाठी केंद्राला किती खटाटोप करावा लागला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. रुग्णाच्या घरी पूर्वसूचना न देता जाऊन गोळ्या मोजणे, लघवीची परीक्षा करणे आणि न आलेल्याच्या घरी माणूस पाठवणे ही त्या प्रयोगाची अविभाज्य अंगे होती. १९५९ मध्येच बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली, आणि १९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात औषध न्यायला न आलेल्या रुग्णास प्रथम पत्र आणि नंतर घरभेट असा क्रम रूढ झाला.

हे पत्र प्रायः पोस्टकार्ड असे. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. उघडे, स्वस्त आणि कोणालाही वाचता येण्याजोगे हे साधन रुग्णालयाच्या निरोपासाठी सोयीचे होते आणि गैरसोयीचेही. कारण क्षयरोगाची वार्ता पोस्टमनसह सर्व वाड्याला कळत असे. या पत्राच्या उपयोगाची परीक्षाही झालेली आहे. १९९३ साली परमशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतातील अभ्यासात, औषध न्यायला न आलेल्या रुग्णांच्या एका गटाला स्मरणपत्रे पाठवली होती, दुसऱ्या गटाला नव्हती. पहिल्या गटात ८८ टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण केले. दुसऱ्यात ७३ टक्क्यांनी. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांच्या बाबतीतही पत्र उपयोगी पडल्याचे दिसले. पत्र शेजाऱ्याने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाने वाचून दाखवले असेल, तर रुग्णाला आठवण करून देणारी माणसे एकाची दोन झाली, असेच म्हटले पाहिजे.

येथे भाषेची साक्ष उपयोगी आहे. मराठी ग्रामजीवनात वार्ता पोहोचवण्याचे अनेक प्रकार आणि त्यांना स्वतंत्र नावे आहेत. 'दवंडी' सर्वांसाठी असते आणि तिला उत्तर नसते. 'सांगावा' एका माणसाकडून दुसऱ्याकडे, बहुधा तिसऱ्याच्या तोंडून, जातो. 'बोलावणे' करायला गेलेला माणूस उत्तर घेऊन परततो. 'येतो', 'जमणार नाही' किंवा 'पुढच्या आठवड्यात पाहू' हे तो यजमानाला सांगतो. आरोग्यसेवकाची घरभेट हा बोलावण्याचा प्रकार होता. पत्र त्याहून एक पायरी दूर; तरी पोस्टकार्डावर धाडणाऱ्याचा पत्ता असे, आणि उत्तर हवेच असेल तर टपालखात्याचे जोडकार्ड मिळत असे. लघुसंदेश या मालिकेत कोठे बसतो, हे पुढे पाहावयाचे आहे.

न आलेल्या रुग्णाला कार्यक्रमाच्या परिभाषेत 'डिफॉल्टर' म्हणत. कर्ज थकवणाऱ्यासाठी वापरला जाणारा हा शब्द दवाखान्यात आला, आणि आपल्याबरोबर दोषारोपही घेऊन आला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या व्याख्या सुधारल्या तेव्हा तो शब्द गाळून 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. या बदलाने कर्तृत्वाची जागा हलली. रुग्णाने थकवले असे म्हणण्याऐवजी पाठपुरावा करणाऱ्याच्या हातून तो सुटला, असे म्हणण्याची वाट मोकळी झाली.

३. लघुसंदेश आणि त्याचे मोजमाप

भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाची १६० चिन्हांची मर्यादा १९८५ च्या सुमारास जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांट याने सुचवली. त्याच्या समर्थनार्थ जे दाखले दिले गेले, त्यांत लोक पोस्टकार्डावर किती लिहितात हाही एक होता. म्हणजे लघुसंदेश हा पोस्टकार्डाचा वंशज, ही केवळ उपमा नव्हे. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. भारतात भ्रमणध्वनीसेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली.

रुग्णालयांनी या साधनाचा उपयोग आरंभल्यावर त्याचे यादृच्छिक नियंत्रित प्रयोग होऊ लागले. २०१३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या संग्रहात प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत गुरोल-उर्गांजी आणि सहकाऱ्यांनी अशा आठ प्रयोगांतील ६,६१५ रुग्णांची माहिती एकत्र केली. हे प्रयोग मलेशिया, चीन, केनिया, स्कॉटलंड अशा भिन्न देशांत झाले होते. कोणतीही आठवण न दिलेल्यांत ६७.८ टक्के रुग्ण ठरल्या दिवशी आले; लघुसंदेश मिळालेल्यांत ७८.६ टक्के, आणि ज्यांना दूरध्वनीवरून माणसाने आठवण दिली त्यांत ८०.३ टक्के. लघुसंदेश आणि दूरध्वनी यांत लक्षणीय भेद नव्हता, मात्र लघुसंदेशाचा खर्च कमी होता.

या आकड्यांचा दोन्ही अंगांनी अर्थ लावला पाहिजे. शंभरांतील सुमारे ३२ भेटी चुकत होत्या, त्या २१ वर आल्या. चुकलेल्या भेटींपैकी तिसरा हिस्सा केवळ एका संदेशाने वाचला, हे अल्प यश नव्हे. मोठ्या रुग्णालयात त्याचा अर्थ दररोज कित्येक तपासण्या वाया न जाणे असा होतो. परंतु उरलेले दोन हिस्से संदेश मिळूनही चुकले. विस्मरण हेच एकमेव कारण असते, तर हा अवशेष एवढा मोठा राहिला नसता.

संदेशाच्या शब्दयोजनेचाही परिणाम होतो, हे लंडनमधील बार्ट्स रुग्णालयसमूहात झालेल्या प्रयोगाने दाखवले. हॉल्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, चुकलेल्या भेटीमुळे आरोग्यसेवेस सुमारे १६० पौंडांचा तोटा होतो हे वाक्य संदेशात घातले असता न येणाऱ्यांचे प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. सार्वजनिक आरोग्यसेवा आपली आहे ही भावना जेथे रुजलेली आहे, तेथे या वाक्याचे सामर्थ्य समजण्यासारखे आहे. ज्याचा स्वतःचा रोज बुडणार आहे, त्या चाकणच्या कंत्राटी कामगाराला संस्थेच्या तोट्याचे तेच वाक्य उपरोधासारखे वाटणे अशक्य नाही. शब्दयोजनेचे यश श्रोत्याच्या स्थितीवर अवलंबून असते, म्हणून ते जसेच्या तसे उचलता येत नाही.

४. भारतीय पुरावा

भारतात झालेल्या परीक्षांचे निष्कर्ष अधिक संमिश्र आहेत. दक्षिण भारतात एचआयव्ही-बाधितांवर झालेल्या प्रयोगात शेट आणि सहकाऱ्यांनी ६३१ रुग्णांचा ९६ आठवडे मागोवा घेतला. एका गटाला दर आठवड्यास यंत्राद्वारे आवाजी आठवण, जिला उत्तर देता येई, आणि एक चित्रसंदेश मिळत होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, उपचार निष्फळ होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही. पिंपरी-चिंचवडच्या दृष्टीने हा निष्कर्ष परका नाही. भोसरी येथे १९९२ पासून राष्ट्रीय पातळीवरील एड्स संशोधन संस्था आहे. शिवाय एका खोलीत पाच-सहा कामगार राहतात आणि भ्रमणध्वनी एकमेकांच्या हाती जातात, अशा वस्तीत एचआयव्हीचा उल्लेख असलेला संदेश पोस्टकार्डाइतकाच उघडा ठरतो. २०१७ च्या कायद्याने दिलेली गोपनीयतेची हमी संदेशाच्या मजकुरालाही लागू मानली पाहिजे.

क्षयरोगाच्या क्षेत्रात '९९ डॉट्स' ही पद्धत आली. गोळी काढल्यावर वेष्टनाखाली दिसणाऱ्या क्रमांकावर रुग्णाने निःशुल्क दूरध्वनी करावा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद होते, अशी ही योजना. चेन्नई, वेल्लूर आणि मुंबई येथील परीक्षणात असे आढळले की, पुष्कळ रुग्ण गोळी घेत पण दूरध्वनी करत नसत. रुग्णाच्या मौनाचा अर्थ अनुपस्थिती असा लावणे किती फसवे आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हरियाणात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बालकांच्या लसीकरणावर मोठा प्रयोग केला. लघुसंदेश, वाढते प्रोत्साहन आणि गावात वार्ता पोहोचवण्यात वाकबगार अशी गावकऱ्यांनीच सुचवलेली माणसे, यांची अनेक मिश्रणे त्यांनी तपासली. तिन्हींच्या मिश्रणाने लसीकरण सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले. खर्चाच्या दृष्टीने सर्वांत किफायतशीर ठरले ते प्रोत्साहन वगळून माणसे आणि लघुसंदेश यांचे मिश्रण. मुंबईत 'आरमन' या संस्थेच्या 'एममित्र' उपक्रमात गर्भवती व बाळंतीण स्त्रियांना दर आठवड्यास आवाजी संदेश जातात. अनेक स्त्रिया काही काळाने ऐकणे सोडतात. २०२१ मध्ये सुमारे २३ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, कोण ऐकणे सोडण्याची शक्यता आहे याचा गणिताने अंदाज घेऊन निवडक स्त्रियांना प्रत्यक्ष माणसाने दूरध्वनी केला. त्यामुळे ऐकण्यातील घसरण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. यंत्राचे काम येथे आठवण करून देण्याचे नव्हते, तर माणसाचा मर्यादित वेळ कोणासाठी खर्चावा हे ठरवण्याचे होते.

सर्वांत मोठा दाखला कोविड लसीकरणाचा. १६ जानेवारी २०२१ पासून को-विन या व्यवस्थेद्वारे देशभर लसीकरणाची नोंद आणि त्याचे लघुसंदेश सुरू झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर आरंभी चार ते सहा आठवडे होते. मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. रुग्णाच्या मनात बसलेली तारीख दोनदा खोटी ठरली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस दुसऱ्या मात्रेची मुदत उलटलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर होती. नोव्हेंबरमध्ये शासनाने 'हर घर दस्तक' ही मोहीम काढली आणि आरोग्यसेविका पुन्हा दारोदार गेल्या. १९६२ च्या कार्यक्रमात पत्रानंतर घरभेट येत होती. २०२१ मध्ये लघुसंदेशानंतर घरभेट आली.

५. संदेशाची भाषा आणि लिपी

लघुसंदेशाच्या मूल्यमापनात भाषेचा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. वास्तविक तो खर्चाशी थेट निगडित आहे. रोमन लिपीतील एका संदेशात १६० चिन्हे मावतात. देवनागरीतील संदेशात केवळ ७०. त्यातही यंत्र अक्षरे मोजत नाही, चिन्हे मोजते. 'रुग्णालय' हा शब्द वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरांचा. उकार, हलन्त आणि काना स्वतंत्र धरून यंत्र तो आठ चिन्हांचा मोजते.

पुढील नमुना पाहावा : 'आपली पुढील तपासणी सोमवारी सकाळी नऊ वाजता आहे. केसपेपर सोबत आणावा.' रिकाम्या जागा धरून ही ६५ चिन्हे होतात आणि संदेश एकाच्या दरात जातो. यात 'येणे शक्य नसल्यास कळवावे.' हे वाक्य जोडले की संख्या ९१ होते आणि दोन संदेशांचा दर लागतो. अद्याप रुग्णालयाचे नाव आलेलेच नाही. खर्च वाचवायचा झाला तर प्रथम गळते ते रुग्णाला उत्तराची वाट देणारे वाक्य. दुसरा पर्याय म्हणजे मराठी मजकूर रोमन लिपीत किंवा सरळ इंग्रजीत पाठवणे, आणि तोच सर्रास पत्करला जातो. को-विनचे संकेतस्थळ आरंभी इंग्रजीत होते; मराठीसह इतर भारतीय भाषा त्यात जून २०२१ मध्ये आल्या.

व्यावसायिक संदेशांवरील नियमनानेही निरोपाचे स्वरूप ठरवले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेने आपले नाममुद्रेसारखे शीर्षक आणि संदेशाचा साचा आगाऊ नोंदवावा लागतो. मार्च २०२१ मध्ये या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू होताच बँकांचे व इतरांचे संदेश खोळंबले, आणि ती काही दिवस स्थगित करावी लागली. फसवणूक रोखण्यास हे नियम उपयुक्त आहेत. परंतु अशा अक्षरी शीर्षकावरून आलेल्या संदेशाला उत्तर धाडता येत नाही. उत्तर नसणे या बाबतीत लघुसंदेश दवंडीच्या जातीचा ठरतो, जरी तो एकाच माणसाच्या कानात दिलेला असतो.

शैलीचा मुद्दाही गौण नाही. 'उपस्थित राहावे', 'दक्षता घ्यावी' ही विध्यर्थी, कर्ता लपवणारी रचना मराठीत कचेरीच्या नोटिशीतून आली. आशा कार्यकर्ती मात्र दारात उभी राहून 'ताई, उद्या बाळाला डोसला घेऊन या हं' असे म्हणते. पहिल्या वाक्यात समन्सचा सूर आहे, दुसऱ्यात नाते आहे. मराठवाडा-विदर्भातून, तसेच बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या या वस्तीत भाषेची निवड रुग्णागणिक करावी लागेल; एकच साचा सर्वांना पुरणार नाही.

६. मूल्यमापनाच्या कसोट्या

वरील विवेचनावरून या पट्ट्यातील कोणत्याही मूल्यमापनास चार सावधगिऱ्या सुचवता येतात.

पहिली, छेदाची. सार्वजनिक रुग्णालयांत बहुसंख्य रुग्ण पूर्वनियोजित वेळेविना येतात आणि रांगेत उभे राहून केसपेपर काढतात. ज्यांना वेळ दिलेली आहे त्यांच्याच भेटी 'चुकू' शकतात. म्हणून प्रसूतिपूर्व तपासणी, लसीकरण, क्षयरोग, मधुमेह आणि रक्तदाब अशा ठरावीक दिनांकाच्या सेवांचा हिशेब निराळा मांडला पाहिजे. दोन दिवस उशिरा आलेला कामगार 'आला' की 'चुकला', हेही आधी ठरले पाहिजे. पाळी बदलेपर्यंत थांबून आलेला माणूस वस्तुतः उपचारात टिकून आहे.

दुसरी, कालाची. दिवाळी, छठ, होळी आणि मे महिना या काळांत या पट्ट्यातील वस्ती लक्षणीय रिकामी होते. संदेश सुरू करण्यापूर्वीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने यांची नुसती तुलना केल्यास सणाचा परिणाम संदेशाच्या खाती जमा होईल. एकाच काळात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना हाच विश्वसनीय मार्ग होय.

तिसरी, पोहोचण्याची. संदेश धाडला गेला, यंत्रात पोहोचला, वाचला गेला आणि समजला या चार भिन्न घटना आहेत. ३ जुलै २०१५ पर्यंत परराज्यात गेलेल्या ग्राहकाला आपला क्रमांक तेथील सेवेत नेता येत नव्हता. ती अडचण दूर झाली. तरी केसपेपरावर लिहिलेला क्रमांक शेजाऱ्याचा, ठेकेदाराचा किंवा बंद पडलेला असू शकतो. प्रत्येक भेटीत क्रमांक पुन्हा विचारणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो संदेशयोजनेच्या आधी यावा.

चौथी, कारणाची. न आलेल्यांतील काहींशी माणसाने बोलून कारणे नोंदवल्याशिवाय मूल्यमापन अपुरे राहते. 'विसरलो' म्हणणाऱ्यांचे प्रमाण मोठे असेल, तर लघुसंदेशाचा लाभही मोठा होईल. 'पाळी होती', 'रोज बुडतो', 'गेल्या वेळी औषध मिळाले नाही', 'बरे वाटले' ही उत्तरे अधिक असतील, तर उपाय सायंकाळच्या बाह्यरुग्ण विभागात, एका वेळी अधिक दिवसांचे औषध देण्यात किंवा तपासणीसाठी पगारी सवलत मिळवण्यात शोधावा लागेल. अखेरीस, उपस्थिती हे साधन आहे. दक्षिण भारतातील एचआयव्ही-प्रयोगाने आठवणीची परीक्षा उपचाराच्या फलावर घेतली. रुग्ण आला की नाही एवढ्यावरच थांबणाऱ्या अभ्यासाने तेवढाच निष्कर्ष काढावा.

उपसंहार

लघुसंदेशाने चुकलेल्या भेटी घटतात किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. उपलब्ध प्रयोगांनुसार ही घट सुमारे एकतृतीयांशापर्यंत जाते, आणि ज्या अल्प खर्चात ती साधते तो पाहता कोणत्याही रुग्णालयाने हे साधन टाकून देणे शहाणपणाचे नाही. मात्र १९६२ च्या कार्यक्रमात पत्राला जे स्थान होते, तेच आज लघुसंदेशाचे आहे. ती पहिली पायरी होय. त्या कार्यक्रमाने पत्रापुढे घरभेटीची पायरी ठेवली होती. संदेश स्वस्त झाला म्हणून ती पायरी काढून टाकली, तर जे दोन हिस्से रुग्ण संदेश मिळूनही येत नाहीत, त्यांच्यापर्यंत जाणारी वाटच बंद होते. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात हे रुग्ण बहुधा तिसऱ्या पाळीचे, कंत्राटावरचे आणि परभाषिक असण्याचा संभव अधिक. त्यांच्यासाठी संदेशात त्यांची भाषा हवी, उत्तर देण्यासाठी एक चालू क्रमांक हवा, आणि त्या क्रमांकावर उत्तर ऐकून तारीख बदलून देण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. अशा माणसाच्या वेतनाची तरतूद संदेशयोजनेच्या अंदाजपत्रकातच झाली, तर पुढील मूल्यमापनात न आलेल्या रुग्णांच्या नावापुढे काही कारणे तरी लिहिलेली आढळतील.